अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये टीचरनं माझ्या मुलीला गणपतीवर बोलताना थांबवलं. असं करता येतं का?

विषय ‘माझा आवडता सण’ होता आणि बाकीच्यांचा ख्रिसमस चालला, असं तुम्ही लिहिलंय. मग गणपतीही चालायलाच हवा. इथली पब्लिक स्कूल म्हणजे सरकारी शाळा, आणि ‘सरकारी शाळेत धर्म नको’ हे बंधन शाळेवर आहे, मुलांवर नाही.

आमच्याकडे टेक्सासात हेच झालं. थोरली पाचवीत होती. घरच्या सणाचं चित्र काढून खाली चार ओळी लिहायच्या होत्या. तिनं मखर, समई, मोदकांचं ताट, सगळं मन लावून काढलं. ख्रिसमसची झाडं भिंतीवर लागली आणि गणपती दप्तरातून घरी परत आला. मी प्रिन्सिपलना ईमेल लिहायला बसले तर दीर म्हणाले, “वहिनी, परक्या देशात आहोत आपण. टीचरच्या डोळ्यावर आलो तर पोरीलाच त्रास होईल.” यांनीही भावाचीच री ओढली. मी तरी पाठवलाच. १९६९चा टिंकर खटला त्यात घातला. आयोवातल्या मुलांनी व्हिएतनाम युद्धाविरुद्ध दंडाला काळ्या फिती बांधल्या, शाळेनं त्यांना घरी पाठवलं आणि सर्वोच्च न्यायालयानं ७ विरुद्ध २ मतांनी मुलांना न्याय दिला. शिवाय गृहपाठात, चित्रात धर्माविषयी मांडायची मुभा केंद्रीय शिक्षण खात्याच्या सूचनांत १९९५पासून आहे. त्याच आठवड्यात चित्र भिंतीवर लागलं.

पुढे हेच दीर मंडळातर्फे शाळेकडे मागणी करायला निघाले की दिवाळीच्या कार्यक्रमात सगळ्या मुलांनी हात जोडून सरस्वतीवंदना म्हणावी. मी कडाडून विरोध केला. न्यूयॉर्कच्या शाळांतली सरकारी प्रार्थना ऐच्छिक होती, तरी १९६२मध्ये न्यायालयानं ती घटनाबाह्य ठरवली. टेक्सासच्याच सांता फे इथल्या फुटबॉल सामन्यांआधीची लाउडस्पीकरवरची प्रार्थना २०००मध्ये थांबली, आणि तो दावा लावला होता एका कॅथलिक आणि एका मॉर्मन कुटुंबानं. आपली मुलं या निकालांच्या आधारानं निर्धास्त शाळेत जातात. आज वंदना लादली तर उद्या येशूची प्रार्थना कोणत्या तोंडानं नाकारायची? दीर अजून रागावलेले आहेत. माझं मत तेच आहे.

तेव्हा तुम्ही लेखी विचारा: नियम नेमका कोणता आणि तो सगळ्या मुलांना सारखाच लावला का? ‘जाऊ दे, सांभाळून घेऊ’ याला मी शहाणपण मानत नाही. घरचा देव लपवायचा असतो, एवढंच मुलगी त्यातून शिकेल.

खाजगी शाळेला हे काही लागू नाही. मूल विषय सोडून भलतंच बोलत असेल किंवा वर्गच चालेनासा होत असेल, तर टीचर थांबवू शकते. आणि मुलीलाच बोलायचं नसेल तर तिला पुढे ढकलू नका. झेंड्याला सलाम न करण्याचा मुलांचा हक्कसुद्धा याच न्यायालयानं १९४३मध्ये मान्य केलाय.