लंडनहून एका दिवसात लिंकन : कॅथेड्रल आणि किल्ल्याव्यतिरिक्त जुन्या इमारतींत वेळ घालवावा का?

इंग्लंडमधलं लिंकन शहर एका दिवसात आरामात होतं. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनहून थेट गाडी मिळाली तर साधारण दोन तास. पण ‘बाकीच्या जुन्या घरांत वेळ घालवण्यात अर्थ आहे का’ हे तुमचं वाक्य मला लागलं. माझा मोठा भाऊ अगदी हेच म्हणाला होता आणि आमचा तो वाद अजून मिटलेला नाही.

कॅथेड्रल टेकडीवर आहे, पण टॅक्सीने वर जाऊ नका, स्टेशनपासून चालत निघा. आधी हाय ब्रिज लागतो. बाराव्या शतकातला पूल, आणि त्यावर लाकडी चौकटीची जुनी घरं अजून उभी. मग स्टोनबोची वेस. पुढे स्टीप हिलचा चढ सुरू होण्याआधी ज्यूज हाउस, म्हणजे ‘ज्यूचं घर’, तेही बाराव्या शतकातलं, दगडी. दाराची कोरीव कमान बघा आणि मग तिच्या वर नजर न्या. वरच्या मजल्यावरच्या शेगडीचं धुराडं बरोबर दारावर बांधलंय. दादा इंजिनियर, पण त्याने एक फोटो काढला आणि ‘चल, वर मुख्य आहे’ म्हणाला.

मुख्य म्हणजे कॅथेड्रल. ते भव्य आहेच. ११८५ च्या भूकंपानंतर जवळजवळ नव्याने उभारलेलं. आतल्या एंजल क्वायर या भागात सगळे त्या दगडी इम्पला, म्हणजे खोडकर सैतानाच्या छोट्या मूर्तीला, शोधत माना वर करून फिरतात. तिथून जवळच, दक्षिणेकडच्या बाजूला, लहानग्या ह्यूच्या समाधीचे अवशेष आहेत. तिथे क्वचितच कोणी थांबतं. १२५५ मध्ये हा मुलगा विहिरीत मेलेला सापडला. ज्यूंनी त्याचा बळी दिला अशी आवई उठली, राजा तिसरा हेन्री स्वतः आला आणि १९ ज्यूंना मृत्युदंड झाला. १२९० मध्ये तर सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. खाली बघितलेलं घर त्यांच्याच वस्तीतलं. १९५५ मध्ये चर्चने समाधीपाशी लिहून लावलं, की या गोष्टी रचलेल्या होत्या, त्यापायी निरपराधांचे जीव गेले. शेवटी प्रार्थना : ‘देवा, आमचे आणि आमच्या पूर्वजांचे अपराध मनात धरू नकोस.’

दादा म्हणाला, ‘एवढ्या सुंदर जागी हे कशाला उगाळायचं?’

आम्ही अलिबागचे. इस्रायल आळीतल्या एका ज्यू आजींच्या ओटीवर आम्ही दोघं वाढलो. त्या आमच्याशी मराठीतच भांडायच्या, मराठीतच लाड करायच्या. पुढे सगळं घर इस्रायलला गेलं. त्या ओटीवर जेवलेल्या माणसाने असं म्हणावं, हे मला सहन झालं नाही. मी तिथेच त्याला सुनावलं. दगड कसा घडवला हे जसं बघायचं, तसं त्या दगडाआड कोणाशी काय वागले हेही बघायचं. नाहीतर इमारत बघितलीच नाही. दादा, तू हे वाचत असशील तर माझं मत तसूभरही बदललेलं नाही.

तेव्हा कॅथेड्रलचा थोडा वेळ कापा, पण ज्यूज हाउस आणि समाधी सोडू नका. किल्ल्यात १२१५ च्या मॅग्ना कार्टाची, म्हणजे राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणाऱ्या सनदेची, मूळ प्रत आहे, ती बघाच. न्यूपोर्टची रोमन कमानही जवळच आहे, तिच्याखालून अजून गाड्या जातात. गुडघे दुखत असतील तर मात्र चढ टाळा. वरपर्यंत बसने जा आणि उतरताना ही घरं बघा. रविवारी प्रार्थनेच्या वेळी कॅथेड्रलच्या आत फिरता येत नाही, म्हणून शक्यतो आठवड्यातला मधला वार धरा.