१०,००,००१ ही मूळ संख्या आहे का? २ पासून १३ पर्यंत कशानंच भाग जात नाही, मग मूळच ना?

नाही. १०,००,००१ = १०१ × ९९०१, विषय संपला. पण ‘१३ पर्यंत बघितलं, भाग गेला नाही, म्हणजे मूळ’ हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही, कारण आमच्या निपाणीकडच्या मराठी शाळेत आठवीला फळ्यावर हीच संख्या होती आणि गुरुजींनी अगदी असंच सांगितलेलं.

आमचे अण्णा तंबाखूच्या वखारीत हिशोब लिहायचे आणि भावकीत लग्न असलं की आहेराची वही त्यांच्याकडंच. आहेर १०१ चा. सदतीस जणांचा आला की ३७३७, बेचाळीस झाले की ४२४२, हे शेजारी बसून बसून मला पाठ झालं होतं. त्यामुळं १०१ नं भाग जातो का बघायचं तर उजवीकडनं दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडायच्या, एक अधिक एक वजा करत जायचं, शून्य आलं की जातो. इथं ०१ − ०० + ०० − ०१, शून्यच की! हात वर करून सांगितलं, तर ‘एकशे एकचा पाढा कुणी शिकवला तुला’ म्हणून तास संपेपर्यंत बाकावर उभं केलं, आणि सगळ्या वर्गानं वहीत ‘मूळ’ उतरवून घेतलं. रात्री अण्णांनी ९९०१ ची शंभरपट केली, ९,९०,१००, त्यात ९९०१ मिळवले आणि म्हणाले, तुझं बरोबर हाय, झोप आता.

पुढं बेळगावात कॉलेजला कळलं की ही १०००² + १ आहे, आणि असल्या विषम संख्येला ४ नं भागून १ उरणाऱ्या मूळ संख्यांनीच भाग जाऊ शकतो, म्हणजे ३, ७, ११ तपासायची गरजच नव्हती. शिवाय १०० चा घन अधिक १ चा घन, सूत्र लावलं की (१०० + १)(१०००० − १०० + १), झालं. आणि ९८०² + १९९² केलं तरी दहा लाख एकच येतात, करून बघा. दोन वेगळ्या रीतीनं दोन वर्गांची बेरीज होणारी संख्या मूळ असूच शकत नाही, हे ऑयलर या गणितज्ञाचं.

म्हणून आधी संख्येचा आकार बघा, मग भागायला बसा. आणि शिकवत असाल तर पोरानं वेगळं उत्तर दिलं की गुणून बघा, अर्धं मिनिट लागतं. गेल्या वर्षी एका लग्नात गुरुजी भेटले, तेव्हाही म्हणाले, ‘परीक्षेत एवढं मोठं येत नाही रे.’ येत नसेल, पण फळ्यावर चुकीचं होतं ते होतंच.

हां, दरवेळी आकारावरनं जमत नाही. १०,००७ ला कुठलंच सूत्र बसत नाही, तिथं वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या, म्हणजे १०० च्या आतल्या २५ मूळ संख्यांनी भागूनच बघावं लागतं, आणि ती खरोखर मूळ निघते. दहा लाख एकला वर्गमूळ १००० च्या जरा वर, म्हणजे मूळ म्हणायच्या आधी १६८ संख्या तपासायला हव्या होत्या. १३ वर थांबायचा नियम कुठंच नाही.