पोस्टग्रेस डेटाबेसमधे टेबल मोठं झालं की ऑटोव्हॅक्यूम बंद करावं का?

अजिबात नको. ६ कोटी ओळींचं टेबल आहे, दुपारी ऑटोव्हॅक्यूम (निकामी ओळींची आपोआप होणारी सफाई) लागलं की सगळं स्लो होतं, म्हणून ते बंद करून रात्री क्रॉनने (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या प्रोग्रामने) व्हॅक्यूम फुल, म्हणजे पूर्ण सफाई, मारू का, असं तुम्ही विचारलंय. हेच मी जळगावला भोगलंय.

आमच्याकडे रावेर-यावलकडच्या केळीबागांमधल्या ओलाव्याच्या सेन्सरचा डेटा यायचा. रीडिंग आलं की इन्सर्ट, मग कॅलिब्रेशनचं अपडेट, मग शेतकऱ्याला मेसेज गेला की परत अपडेट, आणि अपडेटला पोस्टग्रेस जुनी ओळ तशीच ठेवून नवी लिहितं, म्हणजे एका रीडिंगमागे दोन मेलेल्या, निकामी ओळी. सिनियरने त्या टेबलावरचं ऑटोव्हॅक्यूम बंद केलं आणि रात्रीचं फुल लावलं. मी म्हटलं सर, फुल टेबलाची नवी प्रत लिहितं, तोवर साधं सिलेक्टपण अडकतं. तर म्हणे मोठं टेबल ऑटोवर सोडायचं नसतं, तू नवीन आहेस. मे महिना, पारा ४५ वर, आणि एका रात्री सुरू झालेलं फुल सकाळी ११ पर्यंत संपलंच नाही, सगळे इन्सर्ट खोळंबले, पाणी सोडायचा मेसेज कोणालाच नाही. "काय भो, पाणी सोडू का नको?" हे फोन दिवसभर मी घेतले, आणि मीटिंगमधे खापर फुटलं माझ्या इंडेक्सवर (शोध जलद व्हावा म्हणून टेबलावर केलेल्या सूचीवर)! ते मला आजही मान्य नाही.

चूक ऑटोची नसते, डिफॉल्टची असते. स्केल फॅक्टर (टेबलाचा किती हिस्सा मेला की सफाई सुरू करायची ते) ०.२ म्हणजे तुमच्याकडे जवळपास १ कोटी २० लाख मेलेल्या ओळी साचल्यावर ते जागं होणार, मग जड जाणारच ना. त्या एका टेबलापुरतं ०.०१ करा, ६ लाखांवर सुरू होईल, थोडं थोडं काम करेल. मोठ्या टेबलाला ते जास्त वेळा लागतं, कमी नाही, हेच मी तेव्हा सांगत होतो. नुसते वर्कर (सफाई करणाऱ्या प्रोसेस) वाढवून वेग येत नाही, कॉस्ट लिमिट (थोडं थांबायच्या आधी किती काम करायचं ती मर्यादा) सगळ्यांत वाटली जाते, वाढवायची तर ती वाढवा. आणि बंद केलं तरी टेबलातल्या सर्वात जुन्या ट्रान्झॅक्शन आयडीचं (व्यवहाराच्या क्रमांकाचं) वय, म्हणजे त्यानंतर झालेले व्यवहार, २० कोटींवर गेलं की पोस्टग्रेस ते स्वतःहून चालवतंच, ते ऐन सीझनमधे आलं तर काय कराल?

हां, साध्या व्हॅक्यूमने फुगलेली फाइल सहसा लहान होत नाही, जागा फक्त परत वापरली जाते. आधीच फार फुगली असेल तर पीजी रिपॅक (टेबल फार वेळ न अडवता नव्याने लिहिणारं टूल) बघा, त्याला डिस्कवर टेबल आणि त्याचे इंडेक्स मिळून होतात त्याच्या साधारण दुप्पट मोकळी जागा लागते. आणि सेटिंगला हात लावायच्या आधी कुठलं जुनं कनेक्शन 'आयडल इन ट्रान्झॅक्शन', म्हणजे व्यवहार उघडा ठेवून नुसतं, पडून आहे का ते तपासा, ते उघडं असेपर्यंत त्यानंतर मेलेल्या ओळी बऱ्याचदा कोणतंच व्हॅक्यूम काढू शकत नाही.