ग्राइंडर हातात घेण्याआधी

गोव्यातल्या कुंडईच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये नवीन लागलात, छान. वेल्डिंगचं नंतर बघू. नवख्याला आधी दुखापत करतो तो चार इंची ग्राइंडर.

- गार्ड, म्हणजे डिस्कवरचं संरक्षक झाकण, काढू नका. मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेणारी डिस्क फुटली तर तुकडे थेट तोंडावर येतात.
- डिस्कवर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनपेक्षा कमी नको. मधल्या पत्र्याच्या रिंगवरची मुदतही वाचा. आपल्याकडच्या पावसाळ्यात डिस्क ओल धरते आणि कमजोर होते, म्हणून ती कोरड्या डब्यात, आडवी ठेवा.
- नवी डिस्क बसवलीत की बाजूला उभं राहून अर्धा-एक मिनिट रिकामी फिरवा.
- कटिंग डिस्कच्या बाजूने घासू नका. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच! पातळ डिस्क वाकते आणि तडकते.
- चष्मा नव्हे, बाजूंनी बंद गॉगल. सैल बाही, गळ्यातला टॉवेल नको.

डिस्क बदलताना प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. जमीन ओली असेल तर 30 मिलिअँपिअरच्या आरसीसीबीशिवाय (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) मशीन लावूच नका, मुकादम कितीही घाई करो.