पीडीएफवर शेरे मारण्याआधी: ड्रॉइंग तपासणीचा माझा अनुभव

तुम्ही लिहिलंय की ऑफिसात तीन माणसं, प्रत्येक रिव्हिजनला ए-वन आकाराच्या मोठ्या कागदावर आठ-दहा प्रिंट निघतात, त्यावर लाल पेनाने दुरुस्त्या होतात आणि नेमका हवा तो कागद साइटवर सापडत नाही. म्हणून पीडीएफवरच शेरे मारायला सोपं काहीतरी सुचवा. सहा वर्षांपूर्वी माझं अगदी हेच चाललं होतं. पीडीएफ काढणं, लाइनवेट वगैरे तुम्हाला येतंच, त्यात जात नाही. सॉफ्टवेअरचं नंतर सांगतो. आधी मला सगळ्यात महाग काय पडलं ते.

बंगल्याचं काम होतं, पहिल्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता. घरातल्या आजींच्या खोलीला लागून असलेलं टॉयलेट 600 मिमी पूर्वेला सरकवायचं ठरलं, म्हणजे संकनही (टॉयलेटखाली पाइपांसाठी खोलगट ठेवलेला स्लॅबचा भाग) सरकणार. स्ट्रक्चरलवाल्यांशी, म्हणजे स्लॅबचं डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरांशी, फोनवर बोललो, त्यांनी होकार दिला. मी पीडीएफवर बदलाभोवती ढगासारखी लाल रेघ, म्हणजे क्लाउड, काढला, स्टिकी नोट लावली, 'संकन 600 पूर्वेला, जुनी जागा रद्द' असं लिहिलं आणि फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. सुपरवायझरचं 'ओके सर' आलं. मी निर्धास्त.

त्याने झेरॉक्सच्या दुकानात जाऊन ए-थ्रीवर प्रिंट काढली. तिथल्या अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये प्रिंट करताना 'डॉक्युमेंट' निवडलेलं होतं, 'डॉक्युमेंट अँड मार्कअप्स' नाही. कोरं ड्रॉइंग बाहेर आलं. ना क्लाउड, ना नोट. सळया तपासायला आलेल्या माणसानेही तोच कागद पाहिला. दुसऱ्या दिवशी मी पोचलो तेव्हा क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीटवर पाणी साठवायला, वाफे बांधणं चालू होतं आणि संकन जुन्याच जागी होतं.

स्लॅब फोडायला स्ट्रक्चरलवाल्यांनी साफ नकार दिला, आणि ते बरोबरच होतं. शेवटी नव्या जागी पाइप बसवायला टॉयलेटची फरशी आठ इंच उचलावी लागली. आजींना रात्री उठून पायरी चढून आत जावं लागतं. धरायला दांडी लावून दिली, पण ती पायरी अजून आहे. सुपरवायझरला मी एका शब्दाने बोललो नाही, त्याच्या हातातल्या कागदाप्रमाणे त्याने चोख काम केलं होतं. चूक पाठवणाऱ्याची, म्हणजे माझी.

झालं काय होतं, तर पीडीएफमध्ये शेरे मूळ ड्रॉइंगच्या वर वेगळे साठवलेले असतात. ते दाखवायचे की नाही, छापायचे की नाही, हे उघडणारं अ‍ॅप ठरवतं. स्टिकी नोटचा मजकूर तर चिन्हावर बोट ठेवल्याशिवाय दिसतच नाही. म्हणून माझ्याकडे तेव्हापासून स्टिकी नोट बंद. शेरा सरळ टेक्स्ट बॉक्समध्ये, बाण काढून, ए-थ्रीवरही वाचता येईल एवढ्या अक्षरात. आणि साइटवर जाते ती फ्लॅटन केलेली प्रत, ज्यात शेरे ड्रॉइंगमध्येच मुरलेले असतात. शेरे बदलता येतील अशी प्रत ऑफिसात राहते. फ्लॅटनची सोय नसेल तर पीडीएफवरून पुन्हा पीडीएफ प्रिंट करा, पण पानाचा आकार बघून घ्या. ए-वनचं ए-थ्री झालं तर 1:100 चं 1:200 होतं आणि पट्टी लावणारा फसतो.

आता सॉफ्टवेअर. मी कुणाचा विक्रेता नाही, हे फक्त छोट्या ऑफिसापुरतं बोलतोय, आणि आवृत्त्या बदलतात तेव्हा स्वतः तपासा. तिघांसाठी पहिल्याच दिवशी ब्लूबीम (बांधकामाच्या पीडीएफवर शेरे मारायचं मोठं सॉफ्टवेअर) घेऊ नका. उत्तम आहे, पण वर्षाची वर्गणी भरून तुम्ही त्यातली चारच बटणं दाबाल. विंडोजवर पीडीएफ-एक्सचेंज एडिटरची फुकट आवृत्ती शेरे मारायला पुरते. त्यातल्या काही पैसेवाल्या सोयी वापरल्या तर पानावर वॉटरमार्क येतो, तेवढं सांभाळा. नुसते शेरेच असतील तर अ‍ॅक्रोबॅट रीडरही चालतो. आयपॅड आणि पेन्सिल हाताशी असेल तर स्केच करायला त्यासारखं सुख नाही, पण हाताने लिहिलेला शेरा नंतर शोधता येत नाही. माझी अट एकच: एका अ‍ॅपमध्ये मारलेला शेरा दुसऱ्या अ‍ॅपमध्ये आणि साइटवरच्या साध्या अँड्रॉइड फोनवर दिसलाच पाहिजे. विकत घेण्याआधी हे करून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमधून पीडीएफ काढत असाल तर त्यातलं पीडीएफएसएचएक्स (PDFSHX) हे सेटिंग 0 करा. नाहीतर एसएचएक्स या ऑटोकॅडच्या स्वतःच्या फॉन्टमधली अक्षरं कमेंट म्हणून येतात आणि तुमचे सात शेरे दोनशे खोट्या कमेंटमध्ये बुडतात. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं.

एका कन्सल्टंटच्या ऑफिसने मात्र शेवटपर्यंत छळलं. शेरे मारलेली पीडीएफ पाठवली की 'आम्ही कमेंट बघत नाही, प्रिंटवर मार्क करून पाठवा', आणि प्रिंट पाठवली की त्याचाच फोनवर काढलेला तिरका फोटो परत यायचा. एकेका दुरुस्तीला आठवडा जायचा. अशांना पटवण्यात वेळ घालवू नका. शेऱ्यांना क्रमांक द्या, मेलमध्ये त्याच क्रमांकाने यादी लिहा, फ्लॅट प्रत जोडा आणि फाइलच्या नावात रिव्हिजन व तारीख टाका. मग 'आम्हाला दिसलंच नाही' म्हणायला जागा राहत नाही.

तुमच्या साइटवर ड्रॉइंग कोण उघडतं, फोनवर की प्रिंट काढून, तेवढं लिहा. त्याप्रमाणे नेमकं सांगतो.