पहिल्यांदा लोकांसमोर ट्रान्स बाई म्हणून स्वतःची गोष्ट सांगणार आहेस ना?

अगं, सुरुवात घरातून हाकललं त्या रात्रीपासून करू नकोस. ते लोकांनी खूप ऐकलंय. खडेबाजारात स्वतःच्या कमाईने भरलेल्या पहिल्या हिरव्या बांगड्या सांग. कासाराने हात दाबला, एक बांगडी पिचली, तरी तू हसत होतीस, हे सगळं सांग. दुःखही येऊ दे, पण त्याला मुक्काम नको. सौंदत्तीच्या डोंगरावर चौंडकं वाजवणाऱ्या, यल्लम्मादेवीला वाहिलेल्या तृतीयपंथी जोगप्पांविषयी बोलायचं तर आधी त्यांना विचार. कुणाचंही जुनं नाव घ्यायचं नाही, हे मात्र पक्कं. आपल्यातल्याच लोककलाकार मंजम्मा जोगतींना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, ते जरूर सांग. आपल्या लहान पोरींना ते ऐकायला हवंच. समोर कानडी बायका असतील तर चार वाक्यं कानडीत बोल, मोडकी असली तरी चालतील.