पिशव्यांजवळ कोण बसणार?

काकू,

आम्ही गुहागर तालुक्यातले. घरी आंब्याची कलमं आहेत. सासूबाई, नवरा, मी, 7 वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. मोठे दीर-जाऊ ठाण्याला असतात, त्यांचे मुलगे 11 आणि 14 वर्षांचे. मे महिन्यात ते दरवर्षी येतात. यंदा भावोजींनी परस्पर ठरवून टाकलंय की महिनाअखेरीला सगळ्यांनी मिळून खोपोलीच्या इमॅजिका पार्कला जायचं. तिकिटं तेच काढणार आहेत. घरात सगळे खूश आहेत, मी सोडून.

दोन वर्षांपूर्वी असेच सगळे एका वॉटरपार्कात गेलो होतो. वाटेत मुलीला तीनदा उलटी झाली. तिथे पोचल्यावर धाकट्याने पाणी बघून जो सूर लावला तो थांबेचना. मी सकाळी 11 पासून संध्याकाळी 5 पर्यंत त्याला मांडीवर घेऊन एका बाकावर बसून होते. शेजारी सगळ्यांच्या पिशव्या, चपला आणि मोबाइल. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "हिला कुठे न्यायची सोय नाही, तोंड पाडून बसते." नवरा काही बोलला नाही. आता म्हणतो, "या वेळी तरी सगळ्यांचा मूड घालवू नकोस."

धाकट्याला ताप आला असं सांगून घरीच राहावं असं मनात येतं. जाऊबाई वाईट नाहीत, पण त्यांची मुलं मोठी झाली, त्यांना आता लहान मुलांचं आठवत नाही. खरं तर मला लग्नाआधीपासून त्या मोठ्या रोलर कोस्टरमध्ये बसायचं आहे. पण ते जाऊ दे. मुलांना नीट कसं न्यायचं तेवढं सांगा.

— बाकावरची, गुहागर

अगं बाकावरची,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा "पण ते जाऊ दे" पाशी अडले. ते जाऊ द्यायचं नाही. मुलांचं सांगतेच, पण आधी हे.

तापाची थाप मारू नकोस. एक तर सासूबाईंचं म्हणणं तू स्वतःच खरं करून दाखवशील. दुसरं म्हणजे तुझी मुलगी 7 वर्षांची आहे. ताप कुणालाही नव्हता हे तिला पक्कं ठाऊक असणार आणि ठाण्याच्या दादांना ते सांगितल्याशिवाय ती राहणार नाही. राहता राहिलं तोंड पाडण्याचं. सहा तास बाकावर पिशव्या राखून हसरं तोंड ठेवणारी बाई मी तरी अजून बघितलेली नाही.

तुमच्याकडे आंबा उतरवायला घेतात तेव्हा झाडावर कोण चढणार, झेला कोण धरणार, आढी कोण लावणार, पेट्या कोण भरणार, हे आदल्या दिवशी ठरतं ना? "बघू बागेत गेल्यावर" असं कुणी म्हणत नाही. मग चार मुलं, पाच मोठी माणसं आणि आख्खा दिवस, एवढ्या कामाला "तिथे गेल्यावर बघू" कसं चालेल? तिथे गेल्यावर बघितलं की काय होतं ते तू बघितलंयस. जिच्या कडेवर मूल, तिच्या शेजारी पिशव्या.

तेव्हा भावोजी यायच्या आधी, एखाद्या रात्री जेवणं आटपली की नवऱ्याला सांग, "मला त्या रोलर कोस्टरमध्ये बसायचं आहे. तेव्हा दीड तास धाकट्याला तुम्ही सांभाळायचं." एवढंच. वॉटरपार्क उकरून काढायचं नाही, आईंचं वाक्य काढायचं नाही. ते काढलंस की बोलणं त्या वाक्यावर जाईल आणि दीड तास राहून जाईल. नाहीच ऐकलं तर जाऊबाईंना फोन कर. त्यांना आठवत नाही म्हणतेस, पण दोन मुलगे वाढवलेल्या बाईला आठवण करून द्यायला फार वेळ लागत नाही. पिशव्यांसाठी अशा ठिकाणी भाड्याने लॉकर मिळतात. तिकिटं भावोजींची, तर लॉकर तुम्ही घ्या. तुमचाही हात लागला असं होईल आणि बाक मोकळा राहील. 14 वर्षांच्या पुतण्याच्या गळ्यात मात्र धाकट्याला घालू नका. पोरगा चांगला असेल, पण 14 वर्षांचा आहे.

तुझा रोलर कोस्टर सकाळी, आत गेल्या गेल्या. हे तुझे लाड नाहीत, त्याला कारणं आहेत. मोठ्या पाळण्यांच्या रांगा दुपारी वाढतात. शिवाय मेअखेर म्हणजे वळवाचे दिवस. चारनंतर आभाळ भरून आलं, विजा चमकायला लागल्या की उघड्यावरचे पाळणे थांबवतात. संध्याकाळवर ठेवलंस तर लग्नाआधीपासूनचं आणखी एक वर्ष पुढे जाईल. तुझ्या मनात तिथला नायट्रो हा मोठा रोलर कोस्टर असणार. त्याला पायाखाली फळी नाही, पाय अधांतरी लोंबतात. म्हणून चपला काढूनच बसायचं. साडी नको, ओढणी नको, केसांतल्या पिना काढून ठेव, मंगळसूत्र आत घाल. साडी नको हे सासूबाईंना कोण सांगणार, असा प्रश्न असेल तर त्याचंही उत्तर नवरा. पाठीचं, मानेचं, रक्तदाबाचं काही दुखणं असेल किंवा दिवस गेले असतील तर मात्र बसू नकोस.

आता मुलं.

माझीच एक गोष्ट सांगते. मुलगा पाच वर्षांचा असताना आम्ही त्याला मुंबईला अशाच एका पार्कात नेलं होतं. तिथे काळोखातून गाडी जायची, मध्येच सापळे अंगावर यायचे. तो दाराशी माझा हात ओढत "नको, नको" करत होता. मी म्हटलं, "पैसे भरलेत, चल." गेलो. त्यानंतर तीन महिने रात्री संडासला जाताना दिवा लावूनसुद्धा त्याला माझा पदर हातात लागायचा. चूक पार्काची नव्हती, माझी होती. तिकिटाचे पैसे दारातच गेले, पुढे दिवसभर पोराला फरफटवून त्यातला रुपयाही परत येत नाही. तुझ्या धाकट्याला घोड्यांच्या चक्रात चारदा बसायचं असेल तर चारदा बसू दे. कापडी डोक्याचे ते मोठे बाहुले बघून तो रडला तर लांबून हात हलवा आणि पुढे चला. "एवढा मोठा झालास आणि घाबरतोस" हे वाक्य घरातून निघतानाच सगळ्यांना बंद करून टाक, आजीसकट.

मुलीचा प्रश्न वेगळा आहे. तिला सगळ्यात बसायचं असणार, आणि मोठ्या पाळण्यांत उंची बघूनच बसू देतात. दोन भाऊ आत आणि ही दाराशी, यावरून जे रडं होईल ते तू आताच टाळू शकतेस. चपला काढून तिला दाराच्या चौकटीला टेकून उभी कर, डोक्यावर वही आडवी धर, पेन्सिलची खूण कर आणि टेपने मोज. कुठल्या पाळण्याला किती उंची लागते ते पार्कच्या वेबसाइटवर असतं. तिच्याशेजारी बसून तिच्याच वहीत लिही, यात बसता येईल, यात पुढच्या वर्षी. पाऊण तास रांगेत उभं राहून पट्टीपाशी मागे फिरणं फार वाईट. आणि दोन सेंटिमीटर कमी पडले तर तिथल्या माणसाशी हुज्जत नको. त्याने ऐकूही नये. अंगावर येणारा तो दांडा एका ठरावीक मापाच्या अंगासाठी केलेला असतो, लहान मूल त्याखालून सुटू शकतं.

धाकटा घरी दुपारी झोपत असेल तर तिथेही झोपवा. जेवण झालं की सावलीच्या, थंड जागी तास-दीड तास, एखादं जुनं मऊ लुगडं अंथरून. उन्हाचा जोर तेव्हाच असतो, म्हणजे मोठ्यांचंही बरंच होतं. झोप चुकवलेलं मूल चार वाजता काय करतं ते मी तुला सांगायला नको.

बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत. लहान मुलाचं चालतं का, तेवढं भावोजींना फोन करून विचारायला सांग. त्याच फोनवर वारही बघायला सांग. शनिवार-रविवार असेल तर मधला वार मिळतो का बघा. वॉटरपार्कही शेजारीच आहे, पण त्याचं तिकीट वेगळं. साडेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन एका दिवसात दोन्ही करायच्या फंदात पडू नका. गुहागरकरांनी पाण्यात डुंबायला पैसे मोजावेत हे मला तसंही पटत नाही.

हरवण्याची भीती तू लिहिली नाहीस, पण मला वाटते. दोघांना भडक रंगाचे शर्ट घाल, जाऊबाईंना आवडोत न आवडोत. सकाळी निघताना त्याच कपड्यांत दोघांचा फोटो काढून ठेव. हातावर आतल्या बाजूला बॉलपेनने तुमचे दोघांचे नंबर लिही, घामाने पुसला की परत लिही. मुलीकडून तुझं पूर्ण नाव पाठ करून घे. आईचं नाव काय विचारलं की या वयाची मुलं "आई" एवढंच सांगतात.

प्रवासाचं सांगते. तुमच्याकडून खोपोली अडीचशे किलोमीटरच्या आसपास आहे. रेल्वेने पनवेल गाठलंत तरी पुढे सामान आणि मुलं घेऊन उलटं यायचं, त्यापेक्षा गाडी बरी. पण एका दमात जाऊन त्याच दिवशी पार्कात शिरायचं असेल तर तुझं वॉटरपार्क पुन्हा होणार, हे मी आताच लिहून देते. गाडी लागायचं वय साधारण दोन ते बारा. मागच्या खेपेला धाकटा दोन वर्षांचाही नव्हता, आता तोही त्या वयात आला. म्हणजे या वेळी दोघांना लागेल असं धरून चाल. निघताना नारळाच्या रसातली घावनं नकोत. कोरडं, थोडं थोडं दे. चुरमुरे, भाकरीचा तुकडा. गाडीत मोबाइल अजिबात नाही. समोरचा रस्ता दिसेल असं बसव, काच थोडी खाली ठेव. औषध द्यायचं तर डॉक्टरांना वय आणि वजन सांगून आधीच आणून ठेव. ते निघण्यापूर्वी द्यायचं असतं, पहिली उलटी झाल्यावर नाही. कशेडीचा बोगदा झाल्यामुळे तिथली वळणं टळली, हा मोठाच दिलासा. माणगावला गाड्या तुंबतात, तिथे पाणी आणि पिशवी हाताशी असू दे.

आणि आता सासूबाई. पार्कात दिवसभर त्या काय करणार, हे तुमच्या घरात कुणी विचारलंय का? मला वाटतं नाही. वाकण फाट्याला वळलात की खोपोलीचा रस्ता पालीवरूनच जातो. आदल्या दिवशी दुपारपर्यंत पालीला पोचा, आधी धुंडीविनायकाचं आणि मग बल्लाळेश्वराचं दर्शन घ्या, रात्री तिथेच राहा. भक्तनिवास आहे. तिथून सकाळी पार्क तासाभराच्या आत. मुलं ताजी, सासूबाईंची अष्टविनायकातली एक यात्रा झालेली. सहल त्यांचीही झाली की दुसऱ्या दिवशी दुपारी नातवाला तासभर मांडीवर घ्यायला त्या आपणहून बसतील. बल्लाळाची गोष्ट मुलांना त्यांनाच सांगू दे. गावातली पोरं गोळा करून दगडाचा गणपती मांडून दिवसभर त्याच्यात रमणारा मुलगा, आणि त्याला झाडाला बांधून ठेवणारा बाप. मांडलेला खेळ उधळून टाकणाऱ्या मोठ्या माणसांबद्दल गाडीत थोडी चर्चा झाली तर होऊ दे.

पालीचा बेत तू सुचवू नकोस. नवऱ्याला सांग, त्याने आईला सांगावं आणि आईने थोरल्या मुलाला. तिकिटं काढणाऱ्या माणसाला आईचा शब्द मोडवत नाही. तुझं नाव मध्ये आलं नाही तरी चालेल. नायट्रोच्या बाबतीत मात्र तुझ्याच तोंडून जाऊ दे.

आल्यावर चार ओळी लिही. पिशव्या शेवटी कुणी सांभाळल्या, आणि वर गेल्यावर डोळे उघडे होते की मिटलेले, तेवढं तरी कळव.

— काकू